पंधरा ऑगस्टच्या पानावरची सही

१७ जानेवारी

सुलोचना भूपाल चौगुले, तुझे हे पूर्ण नाव आज जेवताना आपल्या मुलीने मला वाचून दाखवले आणि हातातला घास मी परत ताटात ठेवला.

चि. समीक्षाला बारावीच्या राज्यशास्त्राला वीस गुणांचे अंतर्गत काम आहे. पाठ सुशासनाचा. विषय तिनेच निवडला, आपल्या गावची ग्रामसभा. रीतसर अर्ज देऊन तिने ग्रा.पं.ची हजेरी वही पाहिली, मोबाइलवर पानांचे फोटो घेतले. १५ ऑगस्टच्या सभेत अनुक्रमांक एक्केचाळीस, तुझे नाव, पुढे सही. तू जुलैअखेर गेलीस.

"पप्पा, आई गेल्यावर सभेला गेली होती," एवढेच म्हणाली. रडली नाही.

ती सही मी केलेली आहे.

१९ जानेवारी

कसे घडले ते तुलाच सांगतो. सभेस माणसे पुरत नाहीत, म्हणून शिपाई नामदेव दुसऱ्या दिवशी वही घेऊन घरोघर सह्या गोळा करतो. इतकी वर्षे आपल्या दोघांच्या सह्या मीच करीत आलो. "सभेचं तोंड बघितलं नाही कधी, सही मात्र जोडप्याची," असे तू म्हणायचीस.

ऑगस्टमध्येही तो सोप्यात येऊन बसला. नावे जुन्या यादीवरून आधीच उतरवलेली होती. माझ्या खाली तुझे. ते दिसताच तो गडबडला. "ऱ्हाऊ द्या सर, चुकून लिवलंय वैनींचं. खोडतो."

खोडतो, हा शब्द मला ऐकवला नाही. त्याच्या हातातून पेन घेतले व तुझ्या वळणाची सही केली. तो वही मिटून गेला.

सांगलीच्या महाविद्यालयात बावीस वर्षे मी विद्यार्थ्यांचे दाखले पडताळतो. आज कार्यालयात एका मुलाच्या अर्जावर आईची सही होती. बराच वेळ नुसता पाहत राहिलो. मुलगा म्हणाला, "सर, काही चुकलंय का?"

२१ जानेवारी

समीक्षाचा निष्कर्ष लिहून झाला. वाचायला दिला. "ग्रामपंचायतीच्या शिपायाने मृत महिलेची बनावट सही केल्याचे दिसून येते." मी एक स्वल्पविराम सुचवला आणि कागद परत केला. एवढाच मी.

हे प्रकल्पापुरते ठेव, असे नंतर सुचवून पाहिले.

"उत्तरदायित्वावर पाच गुणांचं उत्तर पाठ करायचं, आणि घरचं नाव आलं की गप्प बसायचं?"

सव्वीसच्या ग्रामसभेत ती हे मांडणार. मतदार नाहीस, तुला बोलता यायचे नाही, असे सांगितले. क्षणभर सुटलो असे वाटले.

"म्हणून तर तुम्ही वाचणार आहात," ती म्हणाली. "तुम्ही मतदार आहात. आणि आईचे तुम्ही..." वाक्य तिने पुरे केले नाही.

हो म्हणालो.

२२ जानेवारी

समीक्षाच्या प्रकल्पाचे कानी गेल्याने सायंकाळी उपसरपंच आले. चहा घेतला, दुसरा मागितला, तुझ्या फोटोला हात जोडले.

"अण्णा, पोरीला कलेक्टर करा, लय भारी. पर परॅक्टिस आमच्यावर नको." हसले. मग कप खाली ठेवून, त्याच आवाजात : "सभेत निघालंच, तर कुणावर तरी घालाय लागंल. नामदेव रोजंदारीवर हाय. त्याला घरी बसवू. वही त्याच्याकडंच होती न्हवं?"

समीक्षा आतून ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली, बघा, म्हणजे त्यानेच केली.

मी कप उचलून आत नेले व विसळत बसलो.

२४ जानेवारी

बसथांब्यावर नामदेव भेटला. माझी बस येईपर्यंत शेजारी उभा होता. पन्नाशीचा माणूस, माझ्यापुढे चप्पल काढून उभा राहतो, ती सवय मी कधी मोडली नाही.

"सर, म्या कुणाला काय बोललो न्हाई. बोलणार बी न्हाई. तुमची पोरगी रस्त्यानं जाताना माझ्याकडं बगत न्हाई आता, तेवढं लागतं."

बस आली. बसलो. कवठे महांकाळची होती, मला सांगलीला जायचे होते. पुढच्या थांब्यावर उतरलो.

नोकरीचे भय आहे, पण ते सांगता येण्याजोगे आहे. दुसरे असे की, समीक्षा त्याच्याकडे पाहत नाही, तशी उद्या माझ्याकडे... या घरात आता आम्ही दोघेच आहोत.

२५ जानेवारी

दुपारी ग्रा.पं. कार्यालयात गेलो. उद्याची तयारी चालू होती. नामदेव एकटाच सतरंज्या झटकत होता. ती वही एकदा पाहायची आहे, म्हणालो. त्याने कपाट उघडले, वही टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "शिलाई उसवलीया. ते पान सुटंच हाय. मी झेंड्याची दोरी आणाय चाललोय, येळ लागंल. कुलूप लावा आनि किल्ल्या घरी द्या."

दार लोटून गेला.

पान खरोखर सुटे होते. हातात घेतले. तुझ्या नावातला 'सु' मी तुझ्यासारखाच काढला आहे, उकार शेपटीसारखा खाली ओढून. घडी घातली तर खिशात मावले असते. नामदेव वाचला असता, मीही. परंतु फोटो समीक्षाकडे आहेत. पान नाही म्हटल्यावर सारे गाव तिलाच खोटे ठरवणार.

पान जागच्या जागी ठेवले. टेबलापाशीच बसून एक कागद लिहिला : सही माझी आहे, नामदेवाने मला अडवले होते. चार ओळी. तीनदा लिहावा लागला.

खिशात आता दोन कागद आहेत, एक समीक्षाच्या अक्षरातला, सभेत वाचायला दिलेला, एक माझ्या. सभा उद्या सकाळी आहे, ती पुढच्या सतरंजीवर बसणार आहे. तिला आज सांगावे, की तिथेच कळू द्यावे? सांगेन असे लिहिले होते, खोडले.

वही कपाटात ठेवली. कार्यालयाला कुलूप लावले, दोनदा ओढून पाहिले. किल्ल्या नामदेवाच्या घरी, त्याच्या पत्नीच्या हाती परत केल्या.