लिझाची पेज

मंगळवार, संध्याकाळ. भांडुप.

आई आज जेवली. आधी हेच लिहिते. केमो सुरू झाल्यापासून आठ दिवस नुसत्या चहा-बिस्किटांवर होती. मऊभात केला तरी तोंड फिरवायची.

आज वहिनी ओट्याशी उभी राहिली. वहिनी म्हणजे लिझा, फिलिपिन्सची. दादाचं आणि तिचं दुबईत जमलं. लग्नाला दोन वर्षं झाली, पण आईने तिच्या हातचं कधी खाल्लं नव्हतं. तिने तांदूळ आणि चिकन मऊ शिजवलं, वर तळलेला लसूण. आणि आलं? केवढं ते आलं!

"माझी आई आजारी माणसाला हेच देते," मोडक्या मराठीत म्हणाली. मला वाटलं, वाट लागली, आई वाटी ढकलणार.

आईने एक चमचा खाल्ला, थांबली. "अगो, ही तर आपली पेज!" आलं झोंबून नाक वाहत होतं, तरी वाटी संपवली. आईला नको होती लिझा, की मलाच भरवसा नव्हता? कोण जाणे.

"मीठ कमी पडलं गो," आई तिला म्हणाली. "उद्या जरा जास्त घाल."

उद्या! आठ दिवसांत आई पहिल्यांदाच उद्याचं काही बोलली.