दोनशे बारा तक्ते

सोमवार, ३ मार्च १९९७

दोनशे बारा तक्ते — जेवणाच्या सुट्टीआधी!

मी कॅरोलला या कामाचे सहा आठवडे सांगितले होते. कंपनीनं आपल्या मशीनांच्या सगळ्या मॅन्युअल्सचा फाँट बदलायचं ठरवलं. म्हणजे तक्त्यांच्या रेघा, रकान्यांची रुंदी, डोक्यावरच्या ओळीची राखाडी छटा — सगळं पुन्हा बसवणं आलं. हे काम या मजल्यावर माझं. आठ वर्षं माझं. आणि दीड महिन्यापूर्वी पुण्याहून आलेली ही प्रणिता, हिनं म्हणे एक मॅक्रो लिहिला. एकदा बटण दाबलं की सगळे तक्ते एका रूपात. कॅरोल तिच्या खुर्चीमागे उभी राहून बघत होती. बॉस माझ्या खुर्चीमागे अशी कधी उभी राहिल्याचं आठवत नाही.

वर ती मला म्हणते, "काका, एवढं सगळं तुम्ही हातानं करत होतात?"

काका! ऑफिसात!

मंगळवार, ४ मार्च

स्टीलची पट्टी घेऊन तिची चाळीस पानं मोजली. एकही रेघ चुकलेली नाही. दिवस वाया.

रविवार, ९ मार्च

अहिल्यानं तिला जेवायला बोलावलं. मला न विचारता. मुलगी तीन भाकऱ्या जेवली, ठेच्याचं कौतुक केलं, नागपूरची चौकशी केली. मग मीही सांगितलं — कॉलेज नाही, कॉम्प्युटरचा क्लास नाही. बायकोला इथं अमेरिकेत, चँडलरला नर्सची नोकरी लागली म्हणून आलो आणि इथल्या लायब्ररीतल्या मशीनवर एकटा बसून शिकलो. मूळ विद्या सीताबर्डीच्या टायपिंग क्लासातली. तिथं आकड्याखाली आकडा आला नाही तर सर बोटांवर पट्टी मारायचे. ती मान डोलावत ऐकत होती. दाखवायला, दुसरं काय!

निघताना अहिल्या तिला म्हणाली, "जयंतीची पत्रिका यंदा तूच करून दे गं. यांच्याकडे दिली तर चौदा एप्रिल उलटून जाईल." दोघी हसल्या.

दर वर्षी पत्रिका मी करतो. गेल्या वर्षी तिच्या चौकटीसाठी मी तीन रविवार घालवले, ते कोणाला आठवत नाही.

भांडी मी घासली. जरा आवाज करूनच.

मंगळवार, ११ मार्च

सापडलं!

चौथ्या प्रकरणाची छापील पानं आली. तक्त्यांतले आकडे दारू प्यायल्यासारखे उभे. दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह नाही. मशीनमधल्या गॅसच्या दाबाचे आकडे हे — वाचणाऱ्याची ओळ चुकली तर? पाच मिनिटं नुसता बघत बसलो. पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

लगेच कॅरोलला मेमो दिला. मॅक्रोमुळे आकड्यांची रांग मोडते, हे काम अनुभवी हातात असावं, वगैरे. ती म्हणाली, बरं झालं सांगितलंस. प्रणिताचा करार वाढवायचा की नाही हे शुक्रवारीच ठरवायचं आहे.

करार वाढला नाही तर व्हिसा गेला, मुलगी परत पुण्याला. हे मला माहीत होतं. मेमो लिहितानाही माहीत होतं.

बुधवार, १२ मार्च

प्रणिता आज जेवायला उठलीच नाही. आपला मॅक्रो ओळ न् ओळ तपासत होती. मी डबा खाल्ला. गवारीची भाजी. छान झाली होती.

गुरुवार, १३ मार्च

चौथं प्रकरण हातानं नीट करून कॅरोलपुढे ठेवायचं, म्हणून फाइल उघडली. लपलेल्या खुणा दाखवणारं एक बटण असतं. मी ते कधी दाबत नाही, पान घाण दिसतं. आज माउस घसरला आणि ते दाबलं गेलं.

प्रत्येक आकड्याआधी ठिपके. चार, पाच, कुठे सात. एक ठिपका म्हणजे एकदा दाबलेला स्पेसबार.

मॅक्रो स्पेसबार दाबत नाही. तो मी दाबला. चौथं प्रकरण म्हणजे या कंपनीतलं माझं पहिलं काम. आकडे सरळ उभे करायचा टॅब तेव्हा मला ठाऊक नव्हता. क्लासात शिकलो तसे स्पेस मोजून मोजून सरकवले. जुना फाँट टाइपरायटरसारखा, प्रत्येक अक्षराला सारखी जागा देणारा. म्हणून आठ वर्षं झाकलं गेलं. नव्या फाँटात स्पेस आकड्यापेक्षा बारीक — रांग मोडली.

पान ठिपक्यांसकट छापलं. घडी करून खिशात ठेवलं.

गप्प बसलो तर कोणाला कळणार आहे? ते बटण इथं दाबतं कोण?

शुक्रवार, १४ मार्च

सकाळीच कॅरोलनं बोलावून प्रणिताची चिठ्ठी वाचून दाखवली. मुलीनं दोष स्वतःवर घेतला होता. तीन दिवस शोधूनही मॅक्रोतली चूक सापडली नाही, पण असणार तिथेच. मूळ तक्ते तिनं उघडूनही पाहिले नाहीत — ते काकांनी केलेत, त्यांत चूक नसते. इंग्रजी चिठ्ठीतही 'काका'च लिहिलं होतं.

खिशातलं पान काढलं. घडी मोडली. कॅरोलपुढे ठेवलं.