विमानाला नारळ

४ ऑक्टोबर १९३६, रविवार
आजपासून रोजनिशी. नियम एकच : खरं तेच लिहायचं, फुगवायचं नाही. कुणाला दाखवायचीही नाही.

गावाबाहेरच्या माळावर नवी विमान कंपनी आली आहे. नाशिक ते मुंबई उतारू नेणार. दसऱ्याला चाचणीचं उड्डाण. माळावर त्यांना कायमचा इलेक्ट्रिशियन हवा, म्हणजे मी हवा. वीज कंपनीत मी मीटर वाचतो, तेही टेंपररी. पण मीटर वाचणारा विजेच्या जितका जवळ जातो तितका एंजिनियरसुद्धा जात नाही.

वडिलांची, म्हणजे अप्पांची, अट आहे. दसऱ्यापर्यंत कायमची नोकरी लागली तर ठीक, नाहीतर रामकुंडावर त्यांच्या शेजारी पाट टाकून बसायचं आणि यजमानांची श्राद्धं चालवायची. आमच्या घराण्यात तेच चालत आलंय. दुसऱ्यांच्या आजोबांना पिंड देण्यात माझा जन्म जाणार नाही. हा निश्चय.

७ ऑक्टोबर
विमान चालवणाऱ्या कॅप्टनला भेटलो. मुंबईचा पारशी, कमी बोलणारा. मी माझी सगळी लायकी सविस्तर सांगितली. तो म्हणाला, बघू. इंग्रजीत म्हणाला, त्यामुळे जास्त पक्कं वाटलं. घरी येऊन सौ.ला सांगितलं की काम झालंच. तिचा स्वभाव संशयी. म्हणाली, अप्पांना 'बघू' चालेल का ते आधी विचारा.

विचारलं नाही. ऐन वेळी आनंदाचा धक्का द्यावा हे बरं.

१२ ऑक्टोबर
रोज पहाटे उठून विमानातल्या विजेचा अभ्यास करायचा ठरवलं होतं. आज उठलो तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. थकलेल्या मेंदूत विद्या टिकत नाही, तेव्हा झोप ही तयारीच.

तरी सार कळलं आहे. विमानाला दोन इंजिनं. त्यांना ठिणगी लागते, ती मॅग्नेटो नावाचं यंत्र देतं. त्याचं बटण इंजिनाच्या बाजूला एका डबीत. ठिणगी गेली की इंजिन बंद. अशा वेळी काय करायचं त्याचा नियम मी बसवला. पहिली कृती : मेन स्विच बंद. दुसरी कृती : डोकं शांत. तिसरी सुचली नाही, पण दोनांत भागेल.

संध्याकाळी घरी रंगीत तालीम केली. सौ. भजी तळत असताना एकदम मेन स्विच बंद केला. तिची दुसरी कृती जमली नाही. अंधारात ओल्या हातानं बटण चाचपडायला लागली, तेव्हा मी तिला चांगलंच फैलावर घेतलं. पाणी आणि वीज यांचं हाडवैर, हे पोरंसुद्धा जाणतात. भजी जळाली.

२० ऑक्टोबर
मोठी बातमी. चाचणीच्या उड्डाणात मी आहे! मागच्या सीटवर. कॅप्टनला तिथं जबाबदार माणूस हवा होता. अप्पांना सांगितलं, दसऱ्याला माळावर या आणि मुलाची नोकरी डोळ्यांनी बघा. अप्पा बराच वेळ पंचांग चाळत राहिले. मग म्हणाले, येईन.

कंपनीचा मेकॅनिक इनायत रस्त्यात सौ.ला भेटला. मागं वजनाला वाळूची पोती ठेवणार होते, ती उंदरांनी फोडली, असं तिला सांगत होता. त्याचा इथं काय संबंध, कळलं नाही.

२४ ऑक्टोबर, खंडेनवमी
घरोघर हत्यारं, अवजारं पुजली. इनायतनंही पाने-स्पॅनर धुऊन मांडले आणि वर झेंडू वाहिला. तेवढ्यात मला सुचलं : उद्या विमानाची पूजा मी करायची. कॅप्टनला माझं विजेचं ज्ञानही कळेल, अप्पांना मुलाचा धर्मही कळेल. एका दगडात दोन पक्षी.

इनायत म्हणाला, "भटजी, नारळ चाकापाशी फोडा. मोटारवाले सगळे तिथंच फोडतात."

मोटारवाले! चाक म्हणजे विमानाचा पाय. देवाचा अभिषेक कुणी पायावर उरकतं का? जिथं यंत्राचा प्राण, तिथंच पूजा. प्राण म्हणजे ठिणगी, आणि ठिणगीचं बटण त्या डबीत. हे भटजीचं पोर आणि वीजतज्ज्ञ एकाच अंगात असल्याशिवाय सुचत नाही.

सौ.ला सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, "पाणी आणि विजेचं हाडवैर ना हो?" मी म्हटलं, ते नळाचं पाणी. हे गंगेचं, म्हणजे आपल्या गोदावरीचं. ती पोळ्या लाटत राहिली.

२५ ऑक्टोबर, दसरा. सकाळी
पूजा उत्तम झाली. कॅप्टन पत्नीला फोन करायला ऑफिसात गेला होता, त्याला त्रास दिला नाही. उजव्या इंजिनाची डबी उघडली. हळद, कुंकू, अक्षता. गोदावरीच्या पाण्याची पळी, आणखी एक पळी. नारळ डबीच्या लोखंडी काठावर एका फटक्यात फुटला, पाणी नेमकं आत गेलं. शुभशकुन. झाकण लावलं. दुरून अप्पा बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला अभिमान दिसला. ऊन डोळ्यांवर होतं, पण दिसला.

निघतो. टोपी घातली, खिशात अप्पांनी दिलेलं सोनं, म्हणजे आपट्याची पानं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
अक्षर वाकडं येतंय, ते उन्हानं.

दोन्ही इंजिनं झकास सुरू झाली. विमान माळावरून पळू लागलं, शेपूट उचललं. तेवढ्यात उजवं इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि बंद. विमान उजवीकडे ओढलं गेलं. समोर निवडुंगाचं कुंपण.

मी दुसऱ्या कृतीपासून सुरुवात केली. डोकं शांत ठेवायला डोळे मिटले. मग पहिली : लाल दांडा दिसला, हाच मेन स्विच असं ओळखून जोरात ओढला. तो दाराचा निघाला, दार सताड उघडलं. टोपी गेली, सोनं माळभर उडालं. पण विमान कुंपणाच्या अलीकडे थांबलं हे सत्य आहे. कॅप्टननंही पुढं काहीतरी केलं असावं, कारण त्याचे दोन्ही पाय ब्रेकवर होते.

भीती वाटली. खरंच वाटली.

अप्पा धोतर वर धरून माळ ओलांडत पळत आले. मी त्यांना कधी पळताना पाहिलं नव्हतं. माझे खांदे, हात चाचपून बघितले. "धड आहेस ना?" एवढंच म्हणाले. नोकरीचं विचारलं नाही.

२६ ऑक्टोबर
सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकाला हकिगत सांगितली. चौथ्या माणसापर्यंत मी विमान एकट्यानं थांबवलं होतं. नियम पहिल्या दिवशीचा आहे म्हणून इथं लिहितो : एकट्यानं नाही, बहुतेक एकट्यानं.

२८ ऑक्टोबर
कॅप्टननं बोलावलं. वाटलं, हातात नेमणुकीचा कागद मिळणार. त्यानं टेबलावर डबीचं झाकण ठेवलं. आत कुंकवाचा चिखल, अक्षता आणि खोबऱ्याचा तुकडा. मला विचारलं, हे काय आहे?

मी म्हटलं, प्रसाद.

इनायत खिडकीबाहेर बघू लागला. कॅप्टननं मला माळावर दोरी दाखवली. तिच्या पलीकडे, विमानाच्या बाजूला, मी जायचं नाही म्हणाला. यावेळी मराठीत म्हणाला.

८ नोव्हेंबर, रविवार
मला विमान कंपनीत काम लागलं. कायमचं.

झालं असं. चाचणीची गोष्ट गावभर झाली (ती मीच केली होती), विमान पूजेमुळेच वाचलं असं लोकांनी धरलं, आणि नारळ फुटल्याशिवाय एकही उतारू विमानात चढेना. शेवटी कॅप्टन स्वतः रामकुंडावर आला आणि अप्पांपुढं उभा राहिला. ठरलं : दर उड्डाणाआधी अप्पांनी पूजा करायची. दोरीअलीकडे, दगडावर. तीर्थ पळीनं नाही, दर्भानं, आणि तेही उतारूंच्या अंगावर.

अप्पा म्हणाले, ताम्हन, नारळ वाहायला माणूस लागेल. कॅप्टन शेजारी बसलेल्या माझ्याकडे बोट करून म्हणाला, हा सोडून कुणीही. अप्पांनी गंधाची वाटी खाली ठेवली. म्हणाले, "हाच असेल. तो दोरीअलीकडे राहील, मी बघतो."

मी मान खाली घातली. डोळ्यांत पाणी आलं, ते गंधामुळे नव्हे.

आज पहिलं उड्डाण. मी दोरीअलीकडे पिशवी धरून उभा होतो, पायाशी अप्पांचा पाट. दोन्ही इंजिनं नीट चालली, विमान वर गेलं, लहान होत गेलं. अप्पा वळून म्हणाले, चल, कुंडावर दोन श्राद्धं आहेत.

मी पाट उचलला.