पंधरा पावलं, पंचवीस मिनिटं

बुधवार, १९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, माझं गुडघ्यांचं रडगाणं चालूच आहे. तुझ्या बढतीचं तुझ्या बायकोकडून कळलं. फोनच करणार होते, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

यंदा नववीला मी गोष्टी-कविता बाजूला ठेवून खरे कागद वाचायला लावते. बातम्या, जाहिराती, औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचे: हे कुणी लिहिलं, त्याला कसं कळलं, यात काय नाही? आता पोरं प्रगतिपुस्तकातल्या माझ्या शेऱ्यांनाही हेच विचारतात. गुरूची विद्या गुरूला.

सोमवारी एका मुलीने (वर्ग तिला वकिलीणबाई म्हणतो) ग्रंथालयातून रंगाच्या कारखान्यातल्या आगीचा चौकशी अहवाल आणला. अकरा वर्षांपूर्वी तीन कामगार गेले, तो. तू लिहिलेला.

तिने फळ्यावर मांडलं: चौकीदाराला धूर दिसला चार दहाला, दार उघडलं चार पस्तीसला. मग अहवालातला नकाशा दाखवला. चौकीपासून दार पंधरा पावलांवर.

"बाई, पंधरा पावलांना पंचवीस मिनिटं?"

"झोपला असेल," मागून कुणीतरी म्हणालं. "नाहीतर घाबरून पळाला असेल."

"धूर दिसला म्हणजे जागा होता. काहीतरी गाळलंय यात," ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी बघू, म्हणाले मी, आणि घंटेची वाट पाहत बसले.

अहवालात 'हलगर्जीपणा' आला म्हणून त्या चौकीदाराची नोकरी गेली. आता तो आमच्या शाळेच्या फाटकाशी सायकली सांभाळतो. काल पोरं त्याच्यासमोर मोठ्याने पावलं मोजत होती. तो मान खाली घालून सायकली सरळ करत राहिला. मला तिथे उभं राहवेना.

तुझ्या कच्च्या मसुद्यात चार ओळी होत्या. दाराला बाहेरून कुलूप असे, किल्ली मालक घरी नेत, चौकीदार ती आणायला धावत गेला होता. भाषा तपासायला तू मसुदा माझ्याकडे दिलास. मी त्या ओळींवर लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'पाल्हाळ'. पाल्हाळ नव्हतं ते. मालकाचं वजन मला ठाऊक होतं आणि तुझी नोकरी अजून कायम व्हायची होती. तू विचारलंस, "ताई, नक्की?" मी म्हणाले, "नक्की." आणि इतकी वर्षं मनातून तुझ्यावरच चिडत राहिले, की तू ऐकलंस का.

तो मसुदा माझ्या कपाटात आहे. येत्या सोमवारी वर्गात नेणार आहे, लाल रेघेसकट. चौकीदारालाही आत बोलावून खुर्चीवर बसवणार आहे. तुझ्या बढतीवर पाणी पडेल, माझीही नोकरी जाईल कदाचित. मला भीती वाटते आहे. तू माझ्याशी बोलणं टाकलंस तरी चालेल, असं लिहिणार होते. पण नाही चालणार रे.

दुसरा तास आहे, दहा वाजता. येशील?

आलास किंवा नाही आलास, तरी मुलांना मी सांगणार आहे: लिहिणाऱ्याने सगळं लिहिलं होतं.

तुझं लिखाण तपासणारी,
ताई