पूर्वाचे कान आणि माझी नियमावली

१८ नोव्हेंबर
परत कान! यंदाची तिसरी खेप. पूर्वा सकाळी उजवा कान धरून रडतच उठली. अंगात ताप. तनुजाने ऑफिसला सुट्टी टाकली, मी कॉलेजला. डॉक्टरीणबाईंनी कान पाहिले, औषध लिहून दिलं. म्हणाल्या, "डोस पुरा करा. आणि परत होऊ नये म्हणून घरी काय करता?"
मी तनुजाकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. पोरांना इंजिनियरिंग शिकवणारा माणूस, तीन वर्षांच्या मुलीच्या कानापुढे नापास!

१९ नोव्हेंबर
दिवसभर वाचत बसलो. मग नियमावली छापून फ्रीजवर लावली. आडवं झोपवून बाटलीने दूध नाही. बाहेरून आलं की साबणाने हात. कानात काडी नाही, तेल नाही. राहिलेली लस आधी.
तनुजाने शांतपणे वाचलं. "छान. आडवं झोपवून बाटली कोण देतं?"
मी. मोबाइलवर मॅच बघता यावी म्हणून.

२१ नोव्हेंबर
आप्पांच्या हातून लसणाच्या तेलाची वाटी जप्त केली. आप्पा म्हणजे माझे वडील; जन्मभर वाघोलीत शेती केली, तेलावर भारी विश्वास. "कोमट हाय रं, काय व्हत न्हाई." मी कानाच्या पडद्यावर पंधरा मिनिटं बोललो. खडू नव्हता, नाहीतर आकृतीही काढली असती.
"झालं?" आप्पा म्हणाले. "पोरगी झोपली तुझ्या भाषणानं."

२८ नोव्हेंबर
तपासणी. ताप नाही, दुखणं नाही, पण दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलंय, त्यामुळे तिला बारीक आवाज ऐकू येत नसणार. बऱ्याचदा आपोआप जातं म्हणे, तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं. मी ऐटीत नियमावलीचा फोटो दाखवला. बाईंनी शेवटपर्यंत वाचला.
"घरात सिगारेट कोण ओढतं?"
"कोणी नाही."
खोटं कुठेय? मी गच्चीत ओढतो. गच्ची घरात येत नाही — वकील व्हायला हवं होतं मी! गाडीत बसताच तनुजाने माझ्या बाजूची काच खाली केली.

२ डिसेंबर
गच्चीवरून आलो, नियमाप्रमाणे साबणाने हात धुतले, पूर्वाला उचललं. तिने माझ्या मानेत नाक खुपसलं. "बाबाचा वास." लाडाने म्हणाली!
खाली ठेवलं तिला. शर्ट बदलला. वास गेला नाही.

३ डिसेंबर
एकटाच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. "मी खोटं बोललो."
"तुमच्या शर्टाने खरं सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. गच्चीतला धूरही कपड्यांतून, केसांतून घरात येतो. "एवढ्यानेच कान बिघडले असं मी म्हणणार नाही. पण हे एक तुमच्या हातात आहे."
पाकीट त्यांच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

७ डिसेंबर
चौथा दिवस. बडीशेपेची अख्खी बरणी संपवली. विद्यार्थ्यांवर ओरडलो, तनुजावर ओरडलो, लिफ्टवरसुद्धा! फ्रीजवर तनुजाच्या अक्षरात नवा नियम — 'बाबांच्या जवळ जाऊ नये. चावतात.'

२९ डिसेंबर
एक ओढली. कॉलेजच्या मागे, चोरासारखी. इथे लिहितोय, नाहीतर स्वतःलाही सांगितलं नसतं. घरी आल्या आल्या अंघोळ. तनुजाला म्हणालो, "फार घाम आला." डिसेंबरात!
तिने टॉवेल दिला. "उद्यापासून परत पहिला दिवस धर." बस, एवढंच. शिव्या परवडल्या असत्या.

२३ जानेवारी
पूर्वाला आठवडाभर सर्दी. कान शाबूत! आप्पा म्हणतात, त्यांच्या नवसाने. असू दे.

१९ फेब्रुवारी
तपासणी परवा आहे. आज सकाळी पूर्वा हॉलच्या भिंतीपाशी उभी, मान वर करून. "बाबा, घड्याळात कोण टिकटिक करतंय?"
ते घड्याळ तिच्या जन्माआधीपासून तिथेच आहे.
तनुजाने माझा हात घट्ट धरला. मी घड्याळ उतरवून पूर्वाच्या मांडीवर दिलं. तिने कान टेकवला.