हॉलमधली एकच मोकळी भिंत

आबा, तुम्हाला हॉलच्या भिंतीवरून काढू की नको, एवढंच विचारावं म्हणून लिहायला बसले होते. तुमच्या जावयांनी प्रोजेक्टर आणलाय. म्हणजे घरातच थिएटर! आमचा बारामतीचा फ्लॅट तुम्ही बघितला नाहीत. चार पाहुणे आले की पाचव्यानं दारात उभं राहायचं, एवढा हॉल. एका भिंतीला खिडकी, एकीला कपाट, एकीला दारं. मोकळी भिंत एकच, आणि तिच्यावर मधोमध तुम्ही, चंदनाचा हार घालून.

यांनी आधी प्रोजेक्टर टीपॉयवर ठेवला, तर चित्र पाटाएवढं. मागं नेत नेत किचनच्या ओट्यावर नेला, तर चित्र भिंत सोडून छताला चढलं. मग फ्रिजवर ठेवला. तिथून बरोबर बसलं, पण पंखा मध्ये यायला लागला. पंखा लावला की पडद्यावरच्या माणसांची डोकी उडतायत, बंद केला की आमच्या घामाच्या धारा. मी नुसती वैतागले. टीव्हीला काय धाड भरलीय म्हटलं, तर म्हणतात, मोठं बघण्यात मजा असते. आणि मग हळूच, "आबांचा फोटो तेवढा हलवावा लागेल गं."

माझं डोकंच फिरलं. गुडघ्यांच्या इलाजासाठी आई हल्ली माझ्याकडंच असते, तिला विचारलं. ती म्हणाली, "काढ की. लेकीच्या घरी त्यास्नी करमत हुतं का कधी?" बरं, काढून लावू कुठं? "देवाजवळ नको. आन् मी झोपते त्या खोलीत तर न्हायच न्हाय." मग कुठं? "मला काय म्हाईत? घर तुझं हाय." झालं! दोन दिवस मी हातोडी घेऊन घरभर फिरले आणि एकही खिळा ठोकला नाही.

करमत हुतं का, असं आई सहज बोलून गेली, पण मला ते लागलं. लग्नानंतर तुम्ही इंदापूरला, माझ्या सासरी, यायचात. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा आपल्याकडचा नेम. दुसऱ्या बायकांचे वडील काहीतरी पळवाट काढायचे, चहाला कोण नाही म्हणतंय! तुम्ही नाही. उन्हातून आलेले, ओठ सुकलेले, पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेला बसलेले. मी तांब्या घेऊन समोर उभी. "ऱ्हाऊ दे पोरी, स्टँडवर पितो." मला मूल व्हायला फार वर्षं लागली, आबा. तो भरलेला तांब्या तसाच आत नेताना सासूबाई बघत असायच्या आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. नेम तुमचा होता, पण तुमच्या तहानेला कारण मी होते.

मग लेक झाली. तिच्या पहिल्या वाढदिवसाला दारात मांडव घातला, व्हिडिओवाला बोलावला. तुम्ही आलात, नातीला कडेवर घेतलंत. आता माझ्या हातचं जेवणार म्हणून मी आत पोरीला निजवून लगबगीनं ताट वाढून बाहेर आणलं, तर तुम्ही नाहीच. कुणीतरी म्हणालं, "आबा मगाशीच गेलं की, गाडी चुकंल म्हणालं." ते ताट घेऊन मी मांडवात उभी राहिले. त्यानंतर तुमचं येणं झालंच नाही, त्याच वर्षी तुम्ही गेलात. आणि मी मनात धरून बसले, की मूल झालं तरी माझा बाप माझ्या घरी जेवला नाही. मुलगी झाली म्हणून असेल का, असंही यायचं मनात. कुणाला बोलले नाही.

रविवारी तुम्हाला उतरवलं आणि तेवढ्यापुरतं आईच्या मांडीवर दिलं. यांना इंटरनेट काही जोडता येईना, म्हणून हाताला लागला तो पेनड्राइव्ह लावला. वाढदिवसाची कॅसेट त्यावर करून घेतली होती. पूर्वी टीव्हीवर लावली तेव्हा केक कापून झाल्यावर मी बंद केली होती, पुढचं बघवेना. या वेळी रिमोट यांच्याकडं. केक झाला, ओवाळणं झालं, पंगती सुरू झाल्या, आणि एका पंगतीत, मांडववाल्यांच्या शेजारी, तुम्ही! भिंतभर! टोपी गुडघ्यावर, भातावर आमटी ओतून चांगले ओरपताय. वाढप्याला हात करून आणखी घेताय. काहीतरी बोलून हसलातसुद्धा, पण स्टुडिओवाल्यानं वरून सनई घातलीय, शब्द ऐकू येत नाहीत.

"थांबवा, थांबवा!" मी ओरडलेच. आई म्हणाली, "त्यात काय एवढं? जेवूनच आलं हुतं. आमटी झ्याक हुती, दोनदा घेतली म्हणत हुतं."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"माणूस जेवलं ते काय सांगायचं आसतं व्हय? तू तरी कधी इचारलंस?"

मला न सांगता का गेले, विचारलं. तर म्हणे, मी पोरीला निजवत होते, ती उठंल म्हणून हाक मारली नाही. बस, एवढंच? मला अजून कळत नाही, आबा, एवढंच असू शकतं का. मी तो भाग पुन्हा पुन्हा लावून बघितला. हे म्हणाले, आता दुसरं काहीतरी बघू या, तर त्यांच्यावरच खेकसले.

हे लिहिलेलं कुणाला दाखवणार नाही, पाठवणार तरी कुठं? पण एक सांगते. तुम्हाला जेवताना बघून रडू आलं, बरं वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली. भाजी निवडताना, कणीक मळताना, इतकी वर्षं मी मनातल्या मनात रोज तुमच्याशी भांडत आलेय. आता भांडण मिटलं. मग उद्यापासून तुमच्याशी बोलू काय?