सोळाव्या होलची फुली

४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

तुझं पत्र आणि वहीचं नवं कव्हर, दोन्ही मिळालं. आतल्या खिशासकट असं चपखल बसलंय की माप घ्यायला इथे येऊन गेलीस की काय! मी खुशाल आहे. गुडघे कुरकुरतात, पण पंचवीस वर्षं गोल्फ खेळणाऱ्यांच्या पिशव्या वाहिल्यावर त्यांनी कुरकुर नाही करायची तर कुणी करायची?

आता मुंगीची बातमी, कारण त्यासाठीच तू पत्राची वाट पाहतेस, माझ्यासाठी नाही. तिचं प्लास्टर निघालं. आतून मनगट बाहेर आलं ते शाळकरी पोरीचं असावं इतकं बारीक. पाच फुटांची ही पोर याच मनगटाच्या जोरावर चेंडू कुठच्या कुठे टाकते म्हणून पेपरवाल्यांनी तिला मुंगी केलं, आणि परवा तिला डाव्या हाताने पाण्याचा ग्लास उचलता येईना. फिजिओबाईंनी दाबायला रबराचा गोळा दिला. पहिल्या दिवशी त्यावर बोटांचे ठसेसुद्धा उमटले नाहीत. तिने गोळ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काका, हा माझ्यापेक्षा हट्टी निघाला." मग दाबत बसली. मी चहा घेऊन आलो, जेवून आलो, तरी ती दाबतेच आहे.

प्लास्टर होतं तेव्हाही रोज सकाळी मैदानावर यायची. हिरवळीवर जाऊन एकट्या उजव्या हाताने चेंडू खळग्यात ढकलायची, लागोपाठ शंभर आत जाईपर्यंत. नव्वदावा चुकला तर पुन्हा एकपासून. तोंडातून ब्र नाही. दहा वर्षं तिची पिशवी माझ्या खांद्यावर आहे, जिंकताना तिला कितीदा तरी पाहिलंय. पण तोंडात बोट घालायची वेळ आली ती आत्ता.

तू विचारलंस, जो माणूस सामन्याच्या आदल्या दिवशी सगळं मैदान पावलांनी मोजतो, ओल कुठे, उतार कुठे, सगळं वहीत मांडतो, त्याला सोळाव्या होलच्या झाडाजवळचं गवताखालचं मूळ दिसलं कसं नाही? सुटतं गं एखादं. मैदान मोठं असतं. फटका मारताना काठी, म्हणजे तिचा क्लब, मुळावर आदळला, मनगट गेलं. नशीब, दुसरं काय.

भाचीचा निकाल कळव. भावजींची पाठ कशी आहे?

तुझा,
बारक्या (वय वर्षं त्रेपन्न)


२९ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार.

भाचीचं अभिनंदन. कुणावर गेली कोण जाणे, आपल्या घराण्यात गणिताशी कुणाचं पटलेलं मला आठवत नाही.

डॉक्टर म्हणाले, मनगट नव्यासारखं जुळलंय, मनसोक्त खेळा. फिजिओबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही थेट सरावाच्या मैदानावर गेलो. मी चेंडू ठेवला. तिने क्लब मागे नेला, तोच तो देखणा झोका, आणि खाली आणता आणता हात थांबला. क्लब चेंडूच्या वीतभर वर. पुन्हा नेला, पुन्हा तेच. मग ती गुडघ्यांवर बसली आणि चेंडूभोवतीचं गवत तळव्याने चाचपायला लागली.

आज दोन आठवडे झाले. प्रत्येक चेंडूआधी चाचपते. फटका बसलाच तर अर्धा, घाबरलेला.

काल बाकावर बसून म्हणाली, "हात बरा आहे, काका. माझी नजर गेलीय."

"नजर कशी जाईल? काहीतरीच."

"त्या दिवशी ते गवत मला जरा उचलल्यासारखं वाटलं होतं. मग म्हटलं, भास असेल. एवढ्या जवळ उभं राहून मला मूळ दिसलं नाही. आता कुठल्या गवतावर भरवसा ठेवू?"

मी क्लब पुसत होतो. ते पुसून झालेलेच होते.

जूनअखेर स्पर्धा आहे. नाव द्यायला मेअखेरपर्यंत मुदत. तोवर पूर्ण फटका बसला नाही तर खेळ सोडून मुलांना शिकवीन म्हणते. एकोणतिसाव्या वर्षी!

तुला एक विचारतो. गिऱ्हाइकाच्या कापडावर तुझ्या हातून डाग पडला, आणि ते बिचारं समजतंय की आपल्याच हातून पडला, तर तू काय करशील? सहज विचारतोय.

तुझा,
बारक्या


१७ मे

ती. ताईस,

तुझं दोन ओळींचं उत्तर मिळालं. "आधी डाग दाखवीन, मग शिव्या खाईन. आणि तू जन्मात कधी काही सहज विचारलेलं नाहीस." लहानपणीही तुझ्यापुढे माझी डाळ शिजायची नाही.

मूळ मला दिसलं होतं. आदल्या दिवशी बुटाखाली लागलं, म्हणून मी वाकून चाचपलं आणि वहीत त्या जागी फुली मारली. आमचा दहा वर्षांचा रिवाज तुला ठाऊक आहे. वही माझी, फटका तिचा. ती वहीत डोकावत नाही, फक्त विचारते. दुसऱ्या दिवशी तिचा चेंडू नेमका तिथे जाऊन पडला. ती एका फटक्याने पुढे होती. चेंडू खेळण्याजोगा नाही असं सांगून बाजूला ठेवला असता तर दंडाचा एक फटका चढला असता, आघाडी गेली असती. तिने विचारलं, "काका, खाली काही आहे?" मी वही उघडली. फुली पाहिली. मनाशी म्हटलं, हातभर तरी पलीकडे असेल. आणि म्हणालो, "काही नाही. मार."

तिला जिंकायचं होतंच. पण त्या क्षणी तिच्यापेक्षा मलाच जास्त जिंकायचं होतं, ताई.

दवाखान्यात ती आत असताना मी ते पान फाडलं आणि तू शिवलेल्या आतल्या खिशात घातलं. चार महिने ते तिथेच होतं, जुन्या कव्हरातून नव्यातही मीच हलवलं. तुलाही खोटंच लिहिलं. सगळे नशीब म्हणत होते, मीही म्हटलं.

मंगळवारी सकाळी ती गवत चाचपत होती. मी पान काढून तिच्या हातात दिलं. म्हटलं, "तुझी नजर बरोबर होती. मूळ होतं. मला माहीत होतं. खोटं मी बोललो."

तिने पान वाचलं. घडी घातली, पुन्हा उघडलं. मला वाटलं ओरडेल, तोंडावर फेकेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे ते गवत उचललेलं होतं," ती म्हणाली.

"होतं."

"मला दिसलं होतं."

"दिसलं होतं, पोरी."

ती उठली. पान खिशात ठेवलं. एक चेंडू खाली टाकला. नुसती पाहिली जमीन, डोळ्यांनी, हात लावला नाही. आणि क्लब मागे नेला.

तो आवाज मी जानेवारीनंतर ऐकला नव्हता. ताई, मी तुला कसं सांगू! लाकूड एका घावात फुटतं तसा कोरडा, स्वच्छ आवाज. चेंडू वर गेला, जातच राहिला. शेजारी सराव करणारे चारपाच जण हातातलं टाकून बघत उभे राहिले. गवत कापणाऱ्याने यंत्र बंद केलं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ती मात्र दुसरा चेंडू टाकत होती. मग तिसरा. साठ चेंडू मारले तिने, आणि एकदाही वाकली नाही. एवढं मोठं काहीतरी माझ्या एका शब्दाखाली चार महिने दबून पडलं होतं, या विचाराने मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. लाज वाटली नाही.

नंतर ती जवळ आली. घामाने भिजलेली.

"नाव देते आहे. जमेल की नाही, माहीत नाही. शेवटच्या दिवशी दमणूक झाल्यावर मनगट काय म्हणेल कोण जाणे."

"जमेल."

"तुम्ही नका सांगू, काका." थोडं थांबून म्हणाली, "पिशवी मी दुसऱ्याला देणार आहे."

मी मान हलवली. खांदा एकदम हलका झाला, आणि तो हलकेपणा किती वाईट असतो ते तुला न सांगताच कळेल.

मी निघालो तेव्हा तिने मागून हाक मारली.

"मैदान मात्र तुम्हीच मोजा. तुमच्यासारखी पावलं कुणाची नाहीत. सगळ्या फुल्या घाला. आणि वही यापुढे मी स्वतः वाचणार, प्रत्येक पान."

जूनअखेर मी दोरीच्या बाहेर, लोकांत उभा असेन. इतक्या वर्षांत तिचा खेळ तिथून कसा दिसतो ते मी कधी पाहिलंच नाही. रागाव माझ्यावर, हवं तेवढं रागाव, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.

आणि वहीला एक नवं कव्हर पाठव. या वेळी आत खिसा शिवू नकोस.

तुझा,
बारक्या